वंदे भारत १८०ची आहे, मग सोलापूर–मुंबईला साडेसहा तास का?

मला आलेला प्रश्न असा आहे: "काका, वंदे भारत चाचणीत १८०ने पळाली म्हणतात. मग सोलापूरहून मुंबईला साडेसहा तास का लागतात? चीनमध्ये गाड्या ३५०ने धावतात, जपानमध्ये तर ६० वर्षांपासून बुलेट ट्रेन आहे. आपलं अडलंय कुठे? आणि इकडे बुलेट ट्रेन आली तर मुंबई दीड तासात गाठता येईल का?"

विचारणारा जुळे सोलापूरचा आहे, सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला. मी ३४ वर्षं रुळांच्या देखभालीत काढली, रेल्वेच्या भाषेत 'पी-वे'मध्ये. त्यातली बरीचशी याच पठारावर गेली. तू सिव्हिलचा आहेस, म्हणून हिशेबासकट सांगतो. कागद-पेन घेऊनच बस.

आधी वेळापत्रक बघ. १० फेब्रुवारी २०२३ला ही गाडी सुरू झाली, तेव्हा सकाळी ६:०५ला सोलापूर सोडायचं, नऊच्या सुमारास पुणं आणि १२:३५ला सीएसएमटी, असा बेत होता. सोलापूर ते पुणे साधारण २६३ किलोमीटर, त्याला जवळपास तीन तास. म्हणजे सरासरी ८८च्या आसपास. पुणे ते मुंबई १९२ किलोमीटर, आणि त्याला साडेतीन तास. सरासरी ५५. अंतर कमी आणि वेळ जास्त. तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

लोक गाडीचा वरचा वेग विचारतात. माझ्या खात्यात आम्ही खालचा वेग विचारायचो. १०० किलोमीटरच्या पट्ट्यात तू गाडी १३०वरून १६०वर नेलीस, तर वाचतात जेमतेम नऊ मिनिटं. त्यासाठी रूळ, सिग्नल, कुंपण, फाटकं सगळं बदलावं लागतं. आणि २० किलोमीटरच्या एखाद्या रखडणाऱ्या पट्ट्यात तू ३०चे ६० केलेस, तर २० मिनिटं वाचतात. करून बघ भागाकार. यार्डातून गाडी वळणावरून बाहेर काढताना ३०चं बंधन असतं. कुठे पुलाचं काम चालू असेल तर २०चं 'कॉशन', म्हणजे तात्पुरतं वेगबंधन, लागतं. अशा ठिकाणी जी मिनिटं जातात, ती पुढे १६०ने पळूनही भरून निघत नाहीत. वेग गाडीच्या नाकावर लिहिलेला असतो हे खरं, पण तो राहतो रुळात. आणि अख्ख्या मार्गात जो तुकडा सगळ्यात अडचणीचा, त्याच्याच ताब्यात सगळ्यांचा वेळ असतो.

आपल्या मार्गातला तो तुकडा म्हणजे बोरघाट.

बोरघाटाबद्दल सगळ्यांना वाटतं की चढ आहे म्हणून गाडी हळू जाते. चढ आहेच, ३७ मीटरला १ मीटर. कर्जतहून लोणावळ्यापर्यंत साडेपाचशे मीटरच्या आसपास वर यायचं असतं. पण आता हे ऐक. फ्रान्समध्ये १९८१ला पॅरिस–ल्यों ही अतिवेगवान लाईन सुरू झाली, तिच्यावर १००० मीटरला ३५ मीटरचा चढ आहे, म्हणजे साधारण २८ला १. आपल्या घाटापेक्षा खडा! जर्मनीतल्या कोलोन–फ्रँकफर्ट लाईनवर तर १०००ला ४०. आणि तिथून गाडी ३००ने जाते. कशी जाते? अकरावीचं सूत्र आठव. ताशी २७० म्हणजे सेकंदाला ७५ मीटर. त्या वेगातली गतिज ऊर्जा सगळी उंचीत बदलली, तर हवेचा आणि रुळाचा विरोध सोडून, गाडी मोटर बंद करूनही २८० मीटरपेक्षा जास्त चढेल. फ्रेंच इंजिनियरांनी नेमकं तेच ओळखलं. फक्त हलक्या, ताकदवान प्रवासी गाड्याच चालवायच्या असतील तर बोगदे खोदत बसायचं कारण नाही, टेकडीवरून सरळ वर जायचं आणि सरळ खाली उतरायचं. त्यांनी चढ पत्करला, वळण पत्करलं नाही.

बोरघाटाच्या वेळी इंग्रज इंजिनियरांना उलटं करावं लागलं. १८६३ला घाट सुरू झाला, तेव्हा वाफेच्या इंजिनाला चढ सोसवत नव्हता. म्हणून डोंगराच्या अंगाअंगाने वळणं घेत लाईन नेली, आणि एके ठिकाणी तर गाडी थांबवून तोंड फिरवावं लागायचं. ती उलट फिरवायची भानगड १९२९ला नवी आखणी झाल्यावर मिटली, वळणं मात्र राहिली. आजही जड गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं जोडतात. वंदे भारतला ती लागत नाहीत, कारण तिची ताकद एका इंजिनात नसून एकाआड एक डब्यांखाली वाटलेली आहे. म्हणजे चढाचा प्रश्न तिने सोडवला. पण वळणावर तिलाही सगळ्यांसारखंच जावं लागतं, आणि उतारावर ब्रेकच्या भरवशावर सावकाश उतरावं लागतं.

आता वळणाकडे येऊ. इथे थोडा थांबणार आहे, कारण माझी उमर यातच गेली.

मे महिन्यात आम्ही कर्व्ह मोजायला पहाटेच निघायचो. सोलापूरच्या उन्हात दुपारी रूळ ६० अंशांच्या पुढे जातो, आणि सलग जोडलेल्या रुळाला तापलेला असताना उचलायचा-हलवायचा नसतो. मुकादमाकडे नायलॉनची २० मीटर दोरी. एक माणूस या टोकाला, एक त्या टोकाला, दोघेही दोरी बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला टेकवून ताणणार. मधोमध मी उकिडवा बसून पोलादी पट्टीने दोरी आणि रूळ यांतलं अंतर वाचणार. त्याला व्हर्साइन म्हणतात. एक डिग्रीच्या कर्व्हवर, म्हणजे १७५० मीटर त्रिज्येच्या वळणावर, ते यायला हवं २८ ते २९ मिलिमीटर. दोन डिग्रीवर ५७. मी आकडा मोठ्याने सांगणार, मागचा माणूस वहीत लिहिणार, आणि १० मीटर पुढे सरकून पुन्हा तेच. ५७, ५८, ५६, ६३. ६३ आला की सगळे थांबणार. कारण तिथे रूळ जागचा सरकलाय, आणि ११०ने येणाऱ्या गाडीतला माणूस तिथे चहाचा कप सावरतो.

मुंबई–अहमदाबादच्या बुलेट ट्रेनच्या मार्गावर सगळ्यात छोटी त्रिज्या धरलीय ६००० मीटर. हीच २० मीटरची दोरी तिथे ताणलीस तर व्हर्साइन येईल फक्त ८ मिलिमीटर. तुझ्या पेनाच्या जाडीएवढं! उभं राहून बघितलंस तर तुला ती लाईन सरळच वाटेल. आणि २० मीटरची दोरी तिथे पुरतही नाही. माणसाला गाडीत जी हेलकाव्याची जाणीव होते, ती सेकंदाला साधारण एक-सव्वा हेलकाव्याची. आपल्या ११०च्या गाडीला तसा हेलकावा देणारा रुळातला दोष २५ मीटर लांबीचा असतो. ३००ने जाणाऱ्या गाडीला तोच हेलकावा ७० मीटर लांबीचा दोष देतो. तो छोट्या दोरीला दिसतच नाही. म्हणून जपानी लोक शिंकान्सेनवर, म्हणजे त्यांच्या बुलेट ट्रेनच्या लाईनवर, ४० मीटरच्या दोरीचा हिशेब ठेवतात. ७० मीटरमध्ये काही मिलिमीटर इकडेतिकडे, आणि तेसुद्धा शोधून काढायचं.

वळणावर बाहेरचा रूळ उंच ठेवतात, हे तुला शिकवलं असेल. आम्ही त्याला कँट म्हणतो. आता दोन डिग्रीचं वळण घे, त्रिज्या ८७५. ब्रॉडगेजसाठी कँट = (१७५० गुणिले वेगाचा वर्ग) भागिले (१२७ गुणिले त्रिज्या). हे १७५० म्हणजे दोन रुळांच्या मध्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये, मघाची त्रिज्या नव्हे. ११०च्या गाडीला अगदी समतोल जायचं तर कँट हवा १९० मिलिमीटर. त्याच रुळावरून कोळशाची मालगाडी ६०ने जाणार, तिला हवा ५७. दोघांना एकच रूळ. मग काय करायचं? मधला मार्ग काढायचा, १२५ ठेवायचा. एक्स्प्रेसला ६५ कमी पडतो, मालगाडीला ६८ जास्त होतो. कमी आणि जास्त दोन्हीला ७५ची हद्द धरली, तर दोघंही हद्दीत बसले. आता एक्स्प्रेस १३०ने न्यायची म्हटलं, तर तिला हवा २६६. ७५ची तूट धरूनही १९१ द्यावा लागेल, आणि आपली कमाल मर्यादाच १६५ आहे. शिवाय तेवढा दिला तर मालगाडीचं सगळं वजन आतल्या रुळावर पडून तो चेपत जाईल. म्हणजे हे वळण १३०चं होणारच नाही. ते सरळ करावं लागेल, त्यासाठी शेजारच्या शेतकऱ्याची जमीन लागेल.

एक डिग्रीचं वळण तरी सुटतं का बघ. १६०ला समतोल कँट येतो २०१. ७५ वजा करून १२६ ठेवला, तर ६०च्या मालगाडीला लागतो फक्त २८. म्हणजे ९८ जास्त. पुन्हा हद्दीबाहेर. एवढं सौम्य वळणसुद्धा मालगाडी आणि १६०ची गाडी यांचं एकत्र जमू देत नाही. (पुढे १०० मिलिमीटरच्या तुटीपर्यंत सवलत मिळते, पण त्यासाठी डबे आणि रूळ दोन्ही त्या दर्जाचे लागतात.)

म्हणून मी म्हणतो, अतिवेगाची खरी अट म्हणजे वेगळी लाईन. जपानने हेच केलं. त्यांची जुनी लाईन १०६७ मिलिमीटरची, वळणावळणाची, मालगाड्यांनी भरलेली. तिलाच रुंद करत बसण्याऐवजी त्यांनी टोकियो–ओसाकाला पूर्ण नवी, १४३५ मिलिमीटरची लाईन टाकली, आणि १ ऑक्टोबर १९६४ला ती सुरू केली. तेव्हाचा वेग २१०. त्या वेळी जगभर विमानं आणि मोटारींचे दिवस आले होते, रेल्वे संपली असं शहाणे लोक म्हणत होते. ज्यांनी हे रेटून नेलं ते रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो आणि मुख्य इंजिनियर हिदेओ शिमा, दोघांनाही खर्च वाढला म्हणून उद्घाटनाच्या आधीच पद सोडावं लागलं. मला त्या दोघांबद्दल फार आदर आहे. आणि त्यांच्या बरोबरीने तादाशी मात्सुदाइरा या माणसाबद्दलही. तो आधी विमानांच्या पंखांची थरथर अभ्यासायचा. वेगात चाकं रुळावर डावी-उजवी नागासारखी वळवळत जातात, तो प्रश्न त्याने त्याच ज्ञानाने सोडवायला घेतला. चाक बाहेरून थोडं निमुळतं असतं, म्हणून गाडी रुळात मधोमध राहते. पण तोच निमुळतेपणा वेगात वळवळ वाढवतो. आपल्याकडे तो २०ला १ असतो, त्यांनी ४०ला १ केला.

"जपानकडे रुंद रूळ असतील" असं बरेच लोक मला म्हणतात. उलट आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, त्यांच्या बुलेटपेक्षा २४१ मिलिमीटरने रुंद. आपल्या कुर्डुवाडीला तर १८९७पासून ७६२ मिलिमीटरची बार्शी लाईट रेल्वे होती. जुन्या माणसांनी ती पाहिलीय, तिच्यात बसून पंढरपूरला गेलेत. रुळांमधल्या अंतराने वेग ठरत नाही.

आता ब्रेक. दर सेकंदाला वेग सेकंदाला ०.७ मीटरने कमी होतो असं धर. ११०वरून थांबायला साधारण ६७० मीटर लागतात, १६०वरून १४००, आणि ३००वरून जवळजवळ पाच किलोमीटर. वेग पावणेतीन पट, अंतर साडेसात पट. समोरचा सिग्नल बघून ब्रेक लावायचा असेल, तर लोको पायलटला पाच किलोमीटर लांबचं दिसायला हवं, तेही धुक्यात आणि पावसात. माणसाच्या डोळ्याला ते जमणार नाही. म्हणून अतिवेगाच्या लाईनवर रुळाकडेला सिग्नलचे खांबच नसतात. किती वेगाने जायचं ते चालकाच्या समोरच्या पडद्यावर येतं, आणि त्याने ऐकलं नाही तर यंत्रणाच ब्रेक लावते. आपल्याकडे 'कवच' बसवतायत, ते याच दिशेचं पाऊल आहे. २०१६ला निजामुद्दीन–आग्रा गतिमान एक्स्प्रेस १६०ने सुरू झाली, तिच्यासाठीही अशी यंत्रणा आणि कुंपण करावं लागलं. कुंपण नसलेल्या लाईनवर बाभळीच्या सावलीतून एक म्हैस रुळावर आली तर १६०ची गाडी दीड किलोमीटर अलीकडून तिला बघू शकत नाही. आपल्याकडे माढ्यापासून मोहोळपर्यंत गुरं चरतात, ती कुठे जाणार?

वेगाबरोबर हवासुद्धा महाग होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी ताकद घनाने. म्हणूनच जगात रोजच्या धावण्याचा वेग ३००-३५०वर येऊन थांबलाय. फ्रान्सने ३ एप्रिल २००७ला ५७४.८चा विक्रम केला, पण तो छोटी गाडी, मोठी चाकं, तारेतला वाढवलेला ताण आणि विजेचा दाब असं सगळं खास जमवून. रोज तिकीट काढून जाणाऱ्यांसाठी तो वेग नाही.

दोन गोष्टी आपल्या मुलखाच्या. पहिली उष्णता. रूळ मोकळा असता तर १० अंशांवरून ६०वर जाताना एक किलोमीटर रूळ ५७ सेंटिमीटर लांबला असता. सलग जोडलेला रूळ लांबू शकत नाही, मग तो ताण पोटात धरतो. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात दर अंशाला पावणेदोन टनांहून जास्त. २५ अंश जास्त तापला की एकेका रुळात ४५ टनांच्या वर दाब. त्याला धरून ठेवते ती स्लीपर आणि खडी. खडी कुठे कमी पडली की रूळ बाजूला फुगतो. म्हणून उन्हाळ्यात आमची माणसं भर दुपारी रुळावरून चालतात. रूळ तपासणारा कीमॅन डोक्याला ओला गमछा बांधून, हातात पाना-हातोडा घेऊन चालतो. एसी डब्यात पडदा ओढून झोपणाऱ्याला तो दिसत नाही, पण त्या गाडीचा वेग त्याने सांभाळलेला असतो.

दुसरी काळी माती. ही मला सिव्हिलवाल्याला आवर्जून सांगायची आहे. आपली काळी माती पाऊस पडला की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तुझा पाय जाईल अशा भेगा तू बघितल्या असशील. त्यावर टाकलेला भराव दरवर्षी थोडा उठतो, थोडा बसतो. खडीच्या लाईनवर आम्ही खडी ठोकून बसवणारं टॅम्पिंग मशीन आणून पुन्हा पातळी करतो. पण चीन-जपानसारखी काँक्रीटच्या पट्ट्यावरची लाईन टाकलीस, तर बांधून झाल्यावर तिच्याखालची जमीन पुढे १५ मिलिमीटरसुद्धा बसलेली चालत नाही. म्हणून चीनने शेकडो किलोमीटर लाईन खांबांवरून नेली. त्यांचा दानयांग–कुनशान पूल एकटाच सुमारे १६४ किलोमीटरचा आहे, सरळ रेषेत इथून बारामतीच्या पुढे जाईल एवढा. मुंबई–अहमदाबादचाही बहुतेक मार्ग खांबांवरच आहे. आपल्याकडे काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली बेसॉल्ट लागतो, तिथपर्यंत पाया नेला की खांब हलत नाही. हे महाग आहे, पण या मातीत मला दुसरा मार्ग दिसत नाही.

आता आवाक्याबद्दल. तू वेग विचारलास, पण मला त्याहून मोठी वाटते ती संख्या. टोकियो–ओसाकाला १६ डब्यांची, ४०० मीटर लांबीची गाडी, १३२३ आसनं. आणि अशा जलद 'नोझोमी' गाड्या गर्दीच्या तासाला १२पर्यंत सुटतात, मधल्या गाड्या वेगळ्याच. नुसत्या नोझोमीचीच आसनं मोजलीस तर तासाला १५ हजारांच्या वर. दिवसाला चार लाखांच्या घरात माणसं. आपल्याकडच्या १६ डब्यांच्या वंदे भारतमध्ये ११२८ आसनं, म्हणजे गाडी काही फार लहान नाही. पण ती सकाळी एकदा जाते, रात्री एकदा येते. पाच-पाच मिनिटांनी का जाऊ शकत नाही? कारण त्याच रुळावर मालगाडी आहे. १०० किलोमीटरला १३०ची गाडी ४६ मिनिटं घेते, ६०ची मालगाडी १००. जलद गाडी मागून आली की मालगाडी लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी करावी लागते. तिच्यात एनटीपीसीच्या वीजकेंद्राचा कोळसा असतो, सिमेंट असतं, तेही अडवून चालत नाही. वेग सारखे असले तरच गाड्या एकामागे एक जवळ चालतात. वारीतली दिंडी बघ, सगळ्यांचं पाऊल एक असतं म्हणून लाखो माणसं एका रस्त्याने पुढे जातात. मधेच कुणी धावायला लागला की गर्दी तुंबते.

आणि जपानी लाईनचं मला सगळ्यात आवडतं ते तिचं रात्रीचं वेळापत्रक. मध्यरात्री १२ ते सकाळी ६ एकही गाडी नाही. टोकियो–ओसाका लाईन आजही खडीची आहे, आणि ती २८५ किलोमीटरचा वेग झेलते, कारण रोज रात्री सहा तास ती रुळवाल्यांच्या ताब्यात असते. आमच्या उमेदीत दोन तासांचा ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून रूळ कामासाठी, मागितला तर मिळेलच असं नव्हतं. मिळाला तर मशीन जागेवर न्यायला अर्धा तास, परत आणायला अर्धा तास. एकदा एका कर्व्हचं दीड तासाचं काम आम्ही तीन आठवड्यांत तुकड्यातुकड्यांनी केलं होतं. तोवर तिथे ३०चं कॉशन. रोज त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीची चार-पाच मिनिटं जात होती आणि मला रात्री झोप लागत नव्हती.

चीनचा आवाका तर वेगळाच. २००८ला बीजिंग–तियानजिनने सुरुवात, २०११ला बीजिंग–शांघाय १३१८ किलोमीटर, आणि २०२४ संपेपर्यंत ४८ हजार किलोमीटर अतिवेगाच्या लाईनी. बीजिंग–शांघायची सगळ्यात जलद गाडी साडेचार तासांच्या आत पोचते, सरासरी ३००च्या वर. पण २३ जुलै २०११ला वेनझोऊजवळ एक गाडी पुढच्या हळू चाललेल्या गाडीवर मागून आदळली आणि ४० माणसं गेली. सिग्नल यंत्रणेत दोष होता. त्यानंतर त्यांनी वेग कमी केले, पुढे सावकाश वाढवले. जर्मनीत १९९८ला एश्डेला एका चाकाची कड थकून तुटली, १०१ माणसं गेली. स्पेनमध्ये २०१३ला सॅन्तियागोजवळ ८०च्या वळणावर गाडी १७९ने आली, ८०च्या आसपास बळी. ही नावं मी नव्या पोरांना पाठ करायला लावायचो. तिन्ही ठिकाणी वेग होता, पण सिग्नल, चाक आणि वळणावरचं संरक्षण यांतला एकेक धागा कच्चा राहिला होता. जपानमध्ये १९६४पासून शिंकान्सेनच्या टक्कर वा रुळांवरून घसरण्यात एकही प्रवासी गेलेला नाही. २००४च्या नीगाताच्या भूकंपात गाडी घसरली, तरीही नाही.

आता तुझं दीड तासाचं. मुंबई–पुणे–हैदराबाद या प्रस्तावित मार्गाचा अभ्यास झालाय, लांबी ७११ किलोमीटरच्या आसपास, आणि त्या आखणीत पंढरपूर आणि सोलापूर दोन्ही होती. मोजमाप म्हणून टोकियो–ओसाका घे. ५१५ किलोमीटर, सर्वोच्च वेग २८५, मधे मोजके थांबे, आणि सुमारे २ तास २२ मिनिटं. आपलं मुंबई अंतर त्याहून थोडं कमी. म्हणजे नवी लाईन झाली तर दोन तासांच्या आसपास हा प्रामाणिक आकडा. दीड तास फक्त न थांबणाऱ्या गाडीला, आणि पुण्यात न थांबणारी गाडी कोण चालवेल?

ते होईपर्यंत मी तुझ्या जागी असतो तर दुसऱ्या मागण्या केल्या असत्या. घाटात जादा लाईन आणि सौम्य वळणं. स्टेशनांच्या यार्डात लहान कोनाचे पॉइंट, म्हणजे जिथे एका रुळावरून दुसऱ्या रुळावर गाडी वळते ते सांधे. फ्रान्समध्ये वळणाच्या बाजूनेसुद्धा दोनशेच्या पुढे गाडी जाईल असे पॉइंट आहेत, आपल्याला ५०चे मिळाले तरी पुष्कळ. मालगाड्यांना वेगळी वाट. रुळवाल्यांना रोजचा ठरलेला ब्लॉक. दौंड–सोलापूर दुहेरी झाली, वीज आली, तेव्हा क्रॉसिंगला तासन्‌तास थांबणं कसं गेलं ते आपण पाहिलंय. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री मुंबईला निघणाऱ्या माणसाला, हुतात्माने सकाळी पुण्याला कामाला जाणाऱ्यालाही त्याचा फायदा झाला. वरचा वेग वाढला तर एका गाडीचा वाढतो, खालचा वाढला तर सगळ्यांचा.

पुढच्या वेळी वंदे भारतने जाशील तेव्हा खिडकीशी बस. विजेच्या प्रत्येक खांबावर आकडा असतो, वर किलोमीटर आणि खाली त्या किलोमीटरमधला खांबाचा क्रम. किलोमीटर मुंबईपासून मोजलेत, म्हणून सोलापुरात ४५५च्या आसपास दिसेल आणि ते उतरत जाईल. दर किलोमीटर बदलला की घड्याळ बघून सेकंद लिही. ३६००ला त्या सेकंदांनी भाग, की ताशी वेग मिळाला. कुर्डुवाडी ते दौंड एक पान, लोणावळा ते कर्जत दुसरं पान. दोन्ही पानं घेऊन ये, आपण तुझ्या आलेखावर वळणं आणि यार्डं ओळखू.